बोट लगेच काढा

भंतेंनी सर्व्हरच्या कपाळावर पांढऱ्या लेपाचे तीन ठिपके लावले, तोवर मी गप्प होते. पण त्यांनी पाण्याच्या भांड्यात कुंचा बुडवला, तशी मी आडवी आले.

"भंते," मी हात जोडले, "या यंत्राला पाणी चालत नाही."

"नव्या गाडीला चालतं. नव्या घराला चालतं."

"याला नाही चालत. मरेल ते."

भंते थांबले. वय ऐंशीच्या पुढचं, तोंडात दात मोजके, पण हसू भरगच्च. "मग त्याच्या वाटचं तू घे," म्हणाले, आणि कुंचा असा झटकला की कपाळापासून कमरेपर्यंत मी ओलीचिंब. व्हरांड्यातली बायामाणसं खदखदून हसली. मीही हसले. यंत्र वाचलं होतं.

मी जुम. कालासिनच्या बाजारात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, पण जन्म नोंग सायचा. त्यामुळे गावात काहीही बंद पडलं, पंप असो की पंखा, हाक मलाच. या खेपेला मात्र काही बंद पडलं नव्हतं, सुरू व्हायचं होतं. मुलं नाहीत म्हणून कुलूप लागलेल्या शाळेच्या एका वर्गात गावाने गाण्यांचं भांडार मांडलं होतं. आसपासच्या बावीस गावांतल्या मोलामच्या, म्हणजे सवालजवाबी लोकगाण्यांच्या, जुगलबंद्या. कुणाच्या माळ्यावर सापडलेल्या टेपा, कुणाच्या भाताच्या कणगीत पुरलेल्या. विद्यापीठातल्या मुलांनी त्या एकेकदा वाजवून उतरवून घेतल्या, आणि कितीतरी टेपा वाजता वाजताच सापाच्या कातीसारख्या सोलून गेल्या. आता ते सगळे गळे या एका पेटीत होते. लोखंडी चौकटीत आडवी सरकवलेली, चार बोटं जाडीची सपाट पेटी. पुढच्या पट्टीवर उजव्या अंगाला करंगळीच्या नखाएवढं बटण. बटणात पिवळा दिवा मंद मंद उघडझाप करत होता. म्हणजे वीज पोचली, पेटी जागी झाली, फक्त अंथरुणातून उठायची बाकी.

मी आठवडाभर आधी चाचणी घेतली होती. भंतेंना तसं सांगितलंही.

"चाचणी ती चाचणी," ते म्हणाले. "घर बांधताना गवंडी आत बसून जेवतो. त्याला कुणी गृहप्रवेश म्हणत नाही."

मुहूर्त नऊ वाजून नऊ मिनिटांचा, एकोणिसाव्या मिनिटापर्यंत. तो हुकला तर पुढचा थेट भिक्षूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपल्यावर, तीन महिन्यांनी.

लामदुआनमावशीकडे तीन महिने नव्हते.

मावशी अडुसष्ट वर्षांची. एकेकाळी तिचा आवाज ऐकायला माणसं बैलगाड्या जोडून यायची. आता उखळात पपईची तिखट कोशिंबीर कुटते, आणि उखळाचा ठोकाही तालात पडतो. तिचा डावा कान गेल्या वर्षी गेला. उजवाही निघाला आहे. पावसाळा सरेपर्यंत तोही जाईल असं डॉक्टर म्हणाले. हे तिने मला दुकानात येऊन सांगितलं, बाजारातून मीठ आणायचं राहिलं असं सांगावं तसं. मग म्हणाली,

"जुम, त्या पेटीत नोंग फायच्या जत्रेची टेप आहे ना?"

"आहे मावशी. लावू?"

"एकटीला नको. ते झालं तेव्हा सगळं गाव समोर होतं. ऐकायचं तेही सगळ्या गावासमोर." जरा थांबून म्हणाली, "आणि त्याच्या समोर."

तो म्हणजे खमपुनकाका. एकेचाळीस वर्षांपूर्वी नोंग फायच्या जत्रेत ही दोघं समोरासमोर उभी राहून उजाडेपर्यंत गायली, आणि खमपुनकाका जिंकला. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, कारण काकाने ती कुणाला विसरू दिली नाही. लग्नात सांगितली, बारशात सांगितली, सरपंचाच्या सासऱ्याच्या अंत्यविधीला तर शवपेटीला टेकून सांगितली. "लामदुआन! जिच्यापुढे भलेभले घामेजायचे, तिला मी गप्प केलं, बरं का." मावशी तिथेच बसलेली असायची. ऐकायची, चिकट भाताचा गोळा बोटांनी वळायची, तोंडात टाकायची.

आता खमपुनकाका भांडाराच्या समितीचा अध्यक्ष. त्यामुळे बटण दाबायचा मान त्याचा. त्या दिवशी तो रेशमी सदरा घालून, कमरेला चौकटीचं उपरणं बांधून, केसांना तेल चोपडून आला होता. भंतेंनी पेटीभोवती गुंडाळलेलं पांढरं सूत त्याच्या मनगटाला बांधलं आणि तो असा उभा राहिला, जणू पेटीत त्याच्याच आवाजाखेरीज काही नाही.

"काका," मी म्हटलं, "नऊ-नऊ झाले की बटण दाबा."

"मला शिकवतेस? अगं, मी माइक धरला तेव्हा तू पाळण्यातही नव्हतीस."

आमच्याकडे पुण्याचं काम कुणी एकट्याने करत नाही. ज्याचा हात पोचतो तो करतो. ज्यांचा पोचत नाही ते पुढच्याच्या खांद्याला, कोपराला, सदऱ्याच्या टोकाला हात लावतात, त्यांच्या मागचे त्यांना, आणि अशी माळ पार अंगणापर्यंत जाते. मग पुण्य त्या माळेतून वाहत सगळ्यांपर्यंत पोचतं. आणि भंतेंचं पठण चालू आहे तोवर पुढचा हात जागचा हलत नाही. चीवर देताना हलत नाही, पाणी सोडताना हलत नाही. हे मी लहानपणापासून पाहिलं होतं, त्या माळेत उभी राहून मोठी झाले होते, आणि नेमकं हेच त्या दिवशी माझ्या डोक्यातून गेलं.

नऊ वाजून नऊ मिनिटं. भंतेंनी पठण सुरू केलं. काकाने बटणावर अंगठा टेकला आणि दाबला. पेटीतले पंखे शेतावरचा पाखरांचा थवा एकदम उठावा तसे घोंगावले. बटणातला दिवा हिरवा झाला. व्हरांड्यातून "साधू, साधू" आलं. माळेत मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांनी डोळे मिटले.

काकाचा अंगठा तिथेच. भंते म्हणताहेत, काका दाबतोय.

एक, दोन, तीन, चार, पाच.

थवा बसला. दिवा पिवळा. अंगणातल्या कोंबडीचं खरडणं ऐकू यायला लागलं.

"मेलं?" कुणीतरी विचारलं.

"पाणी उडालं असेल."

"पाणी जुमवर उडालं होतं."

"मग जुम मरायला हवी होती की!"

"शाळेच्या रखवालदार देवाला विचारलं होतं का आधी? लाल सरबताची बाटली ठेवली होती का त्याच्यापुढे?"

"ठेवली होती. नळी घालून ठेवली होती."

"मग नळी वाकडी घातली असेल."

मी घाईने पुढे झाले. "कुणी मेलं नाही, कुणी रागावलं नाही. काका, हे बटण धरून ठेवायचं नसतं. टिचकी मारल्यासारखं दाबायचं आणि बोट लगेच काढायचं. पाच मोजेपर्यंत धरून ठेवलं की पेटी समजते, मालकाला आपल्याला झोपवायचंय. ती गप्प होते."

"असं?" काका म्हणाला. "धरून ठेवलं की गप्प होते?"

"हो."

"कायमची?"

"तेवढ्यापुरती. परत टिचकी मारली की उठते."

काकाने मान डोलावली. मला वाटलं, समजलं. समजलंच होतं. त्याच्या डोळ्यांच्या कडेला काहीतरी चमकून गेलं. तळ्यात मासा उलटला की पाणी चमकतं तेवढंच.

नऊ वाजून तेरा मिनिटं. पुन्हा माळ जुळली, पुन्हा पठण. काकाने अंगठा टेकला, थवा उठला, दिवा हिरवा झाला.

"बोट काढा, काका!"

काकाने डोळे मिटून घेतले. चेहऱ्यावर अशी भक्ती की बुद्धमूर्तीने लाजावं. ओठ पुटपुटताहेत, भुवया कपाळात चढल्या आहेत, आणि अंगठा बटणावर रोवलेला.

"काका!"

थवा बसला.

"अरेरे," काका डोळे उघडून हळहळला. "माझी श्रद्धाच जड, त्याला मी काय करू? पठण चालू असताना हात काढायला हा हात तयारच होत नाही." मग गावाकडे वळून, आवाज उतरवून, "मला वाटतं पेटीलाच बोलायचं नाहीये. असतात काही गोष्टी. जुन्या माणसांचे आवाज आहेत, झोपू द्यावेत त्यांना. वर्षावासानंतर बघू."

माणसं चुळबुळायला लागली. कोंबड्या भाजायला टाकलेल्या, भाताच्या टोपल्या उघडायच्या. एकाने घड्याळ पाहिलं. दुसरा म्हणाला, "दोनदा अपशकुन झाला म्हणजे..."

"दुसऱ्या कुणाला दाबू द्या," मी म्हटलं.

"सूत माझ्या मनगटाला आहे," काकाने हात वर केला. "मुहूर्त संपेपर्यंत सुटत नाही. विचार भंतेंना."

भंते म्हणाले, "सुटत नाही हे खरं." आणि उगाच छताकडे पाहत राहिले. हसू दाबलेल्या माणसाचे खांदे हलतात तसे त्यांचे हलत होते.

तेव्हा मावशी उठली. ती सगळ्यांत मागे, दाराशी बसली होती. माळेतून वाट काढत ती पुढे आली, माझ्याजवळ थांबली. तिला ऐकू येतं कमी, म्हणून तिला वाटतं ती कुजबुजते. खरं तर अंगणापर्यंत ऐकू जातं.

"याचं मी ओळखते गं. उत्तर सुचलं नाही की हा असंच करायचा. सूर धरून ठेवायचा. ओऽऽऽ करून श्वास संपेस्तोवर. लोकांना वाटायचं, काय रंगलाय!"

वर्गात हशा पिकला. काकाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"लामदुआन, देवाच्या कामात मस्करी नको."

"मस्करी कुठे? मी पुण्य घ्यायला आलेय. सरक जरा." आणि ती थेट त्याच्या मागे उभी राहिली. रीतीप्रमाणे तिने उजवा हात त्याच्या कोपराला लावला. मागच्या बायांनी तिच्या खांद्यावर हात ठेवले आणि एकमेकींकडे पाहिलं.

"एकेचाळीस वर्षांनी धरला गं हात," कुणीतरी म्हणालं.

"तुझी जीभ जळो," मावशी मागे न बघता म्हणाली. हे मात्र तिला बरोबर ऐकू आलं.

नऊ वाजून सतरा मिनिटं. भंतेंनी घसा साफ केला. काकाने डोळे मिटले, भक्ती चढवली, अंगठा टेकला, दाबला. थवा उठला.

आणि मावशीचा डावा हात, जो पुण्याच्या माळेत कुठेच नव्हता, काकाच्या काखेखाली गेला आणि तिने त्याला गुदगुली केली.

काका म्हणजे अख्खा काका उडाला. "ईऽऽ!" असा आवाज त्या जिंकलेल्या गळ्यातून निघाला, मनगटाचं सूत ताणलं गेलं, अंगठा हवेत. तो परत बटणाकडे झेपावला तेव्हा मी मधे उभी होते. ओली होते, पण उभी होते.

दिवा हिरवा. हिरवाच राहिला. पेटीच्या तोंडावर एकेक बारीक दिवा लुकलुकायला लागला, भाताच्या खाचरावर काजवे उतरावेत तसे. पंख्यांचा घोंगाट हळूहळू खाली येत एका सुरावर स्थिरावला. भंतेंनी पठण पुरं केलं, एक शब्द न चुकता, आणि चीवराच्या टोकाने डोळे पुसले. हसून आलेलं पाणी होतं ते.

अशी पेटी पुरती उठायला चार-पाच मिनिटं घेते. तेवढ्यात भात वाटला गेला, कोंबड्यांचा वास खिडकीतून आत आला. काका बाकाच्या कडेला बसून मनगटावरचं सूत उलगडत होता. मावशी भिंतीजवळ उभी, उजवा कान ध्वनिवर्धकाच्या कर्ण्याकडे करून. पडद्यावर यादी आली. मी मावशीकडे पाहिलं. तिने मान हलवली. मी नोंग फायची जत्रा लावली.

आधी नुसती खरखर. मग खेनचा वेळूचा सूर, फुंकरीने भरत गेलेला, आणि माणसांचा कल्लोळ, कुणी कुणाला "खाली बस की" म्हणतंय. मग एक आवाज आला आणि वर्गातला भात चावणारा प्रत्येक जबडा थांबला. नव्या सुरीने काकडी चिरावी तसा तो आवाज. सत्तावीस वर्षांची लामदुआन.

"पाय नाहीत नदीला, तरी गावोगाव ती जाय,
कूस नाही केळीला, तरी घडांची ती माय,
सांग रे शहाण्या गायका, तोंड असून मुकं काय?"

लोकांनी टाळ्या पिटल्या. मग काका. "ओऽऽऽ..." केवढा लांब, केवढा गोल सूर! गर्दी डोलली. "ओऽऽऽऽ..." सूर थोडा पातळ झाला. कुणीतरी हसलं. "ओऽऽ..." सूर कापरा. गर्दीतून आवाज: "अरे बोल की, का गिळलीस जीभ?"

आणि तेव्हा, अगदी जवळून, कारण माइक तिच्या बाजूला टांगलेला असणार, एक कुजबूज ऐकू आली. गाणं नव्हे. घाईची, रागावल्यासारखी, मायेची कुजबूज.

"वेळूचा बाजा. अरे, खेन. फुंकर नसली की मुका. म्हण!"

आणि पाठोपाठ काकाचा गळा, भरून, उसळून:

"वेळूचा गं बाजा, त्याला फुंकर हवी कुणाची,
तोंड असून मुका, वाट बघतो श्वासाची!"

गर्दी फुटली. ढोलकं वाजली. खमपुन जिंकला, खमपुन जिंकला. लामदुआन पुढे गायलीच नाही.

टेप संपली. सगळे काकाकडे बघत होते आणि काका आपल्या अंगठ्याकडे.

"मशीन आहे," तो शेवटी म्हणाला. "मशीनचं काय खरं धरायचं."

हशा असा उसळला की खिडकीवरची पाल पळाली. मावशी हसली नाही. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुझा खालचा ओठ हलत होता," ती म्हणाली. "मला वाटलं, आता हा सगळ्या जत्रेसमोर रडतो. म्हणून दिलं. वाटलं, मंचावरून खाली उतरलास की सांगशील लोकांना. एकेचाळीस वर्षं झाली खमपुन, तू अजून उतरतोच आहेस."

काकाने वर पाहिलं. खालचा ओठ खरंच हलत होता. टेपेतला नसेल दिसला, हा आम्हाला सगळ्यांना दिसला. त्याने दोन्ही हात जोडले, कपाळापर्यंत नेले. भंतेंपुढे नेतात तितके वर. सुताचा तुकडा मनगटावर लोंबत होता.

"उतरलो बाई," तो म्हणाला.

"मग कोंबडी खा. गार होतेय."

त्या दिवशी एवढंच झालं. पण खमपुनकाका एकदा उतरला म्हणून उतरून राहणारा माणूस नाही. गावाला आता नवीन गोष्ट मिळाली होती, तो जिथे जाईल तिथे पोरं "ओऽऽऽ" करायची, आणि कुणीतरी मागून "वेळूचा बाजा, म्हण!" कुजबुजायचं. तिसऱ्या दिवशी तो भांडारात आला. हातात झेंडूचा हार, लाल सरबताची बाटली, चेहऱ्यावर तीच भक्ती.

"पेटीला हार घालायचाय," त्याने मला सांगितलं.

"घाला की काका. बाटली बाहेर देवापुढे ठेवा."

मी खाली वाकून तारा आवरायला लागले. काखेतून बघत होते. काकाने हार घातला, इकडेतिकडे पाहिलं आणि अंगठा बटणावर रोवला. एक, दोन, तीन, चार, पाच. सहा. सात. ओठ पुटपुटत होते. नऊपर्यंत गेला. दिवा हिरवाच. त्याने अंगठा बदलला. मग तर्जनीने दाबलं. मग दोन्ही अंगठे.

मी पहिल्याच संध्याकाळी ते बटण आतून बंद करून टाकलं होतं. अशा पेट्यांत ती सोय असते. बाहेरून कुणी कितीही दाबो, ऐकायचंच नाही असं तिला सांगून ठेवता येतं. काकाला हे मी सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

खिडकीजवळच्या बाकावर मावशी बसली होती. ती रोज येते, उखळ धुऊन झालं की. कानांवर हेडफोन चढवते आणि डोळे मिटते. त्या दिवशी डोळे मिटलेले नव्हते. समोरच्या काचेत तिला पेटी दिसत होती, आणि पेटीपुढे वाकलेला रेशमी सदरा.

"बोट दुखेल रे," ती म्हणाली.

काका ताठ झाला. "धूळ पुसत होतो."

"पुसली का?"

"थोडी राहिलीय."

"उद्या ये मग. आत्ता इकडे बस."

तो आला, बाकावर टेकला, मधे दोन हात जागा सोडून. मावशीने डोक्यावरचा हेडफोन काढला. तिच्या डाव्या कानाला त्याचा काही उपयोग नव्हता, तरी दोन दिवस तो अर्धा भाग तिथे रिकाम्या घरट्यासारखा बसलेला असायचा. तिने तो ताणून उलटा वळवला आणि काकापुढे धरला. तो सरकला, जागा एक हाताची झाली, मग वीतभर. तेवढीच तार होती. दोघांची डोकी जवळ आली. तिचा उजवा, त्याचा डावा.

वर्षावास आता निम्मा सरला आहे. काका रोज येतो, रोज धूळ पुसतो, दोन्ही अंगठ्यांनी. मग बाकावर जाऊन बसतो. टेप चालू होते, जत्रा भरते, नदी गावोगाव जाते, केळीला घड येतात. आणि काकाचा सूर कापरा व्हायला लागला की दर वेळी, नेमका त्याच जागी, खमपुनकाकाला मोठ्ठा खोकला येतो.

मावशी बोट पुढे करते, टेप जराशी मागे घेते आणि बोट लगेच काढते.